निरोगी मुलाच्या तपासण्या आणि लसीकरण: जन्मापासून किशोरवयापर्यंत काय, केव्हा आणि का

मूल तापाने फणफणले की त्याला डॉक्टरांकडे न्यावे, हे कोणालाही सांगावे लागत नाही. सांगावे लागते ते हे, की मूल हसतखेळत असताना आणि कोणतीही तक्रार नसतानाही त्याला ठरावीक वयांत तपासणीसाठी न्यायला हवे. जन्मजात थायरॉइडची कमतरता, कमी ऐकू येणे, एका डोळ्याने अंधुक दिसणे अशा गोष्टी घरच्या माणसांच्या लक्षात येईपर्यंत उपचारांचा सर्वांत चांगला काळ बहुधा उलटून गेलेला असतो. लसीकरणाचेही असेच आहे. लस रोगाच्या आधी पोहोचली तरच उपयोगाची, आणि वेळापत्रकातले प्रत्येक वय कोणत्या ना कोणत्या कारणाने ठरलेले असते. हे कारण पालकांना समजले की ‘पुढच्या महिन्यात बघू’ असे म्हणण्याची इच्छा आपोआप कमी होते, असे माझे मत आहे. म्हणून या लेखात तारखांपेक्षा कारणांवर भर दिला आहे.

लसीकरणाचे वेळापत्रक प्रत्येक देशात थोडे वेगळे असते. तिथे कोणता रोग किती पसरलेला आहे, तो कोणत्या वयात गाठतो आणि आरोग्यव्यवस्था कोणत्या वयात मुलांपर्यंत पोहोचू शकते, यांवर ते ठरते. त्यामुळे पुढे दिलेली वये सर्वसाधारण समजावीत आणि नेमकी तारीख आपल्या देशाच्या वेळापत्रकाप्रमाणे व आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवावी.

आधी नोंदींची व्यवस्था

पहिले काम नोंदवहीचे आहे. बाळ जन्मले त्याच दिवसापासून एक वही किंवा फाइल ठेवावी. तिच्यात जन्मवजन, लांबी, डोक्याचा घेर, गर्भारपणाचे किती आठवडे पूर्ण झाले होते, जन्मानंतर कावीळ झाली होती का, नवजात तपासण्यांचे निकाल काय आले आणि कुटुंबात ऐकण्याचे, दृष्टीचे, हृदयाचे किंवा रक्ताचे काही आजार आहेत का, हे लिहून ठेवावे. लसीकरण कार्डावर प्रत्येक डोसची तारीख, लसीचे नाव, शक्य असल्यास तिचा बॅच क्रमांक आणि ती शरीरावर कोठे दिली याची नोंद करून घ्यावी. प्रत्येक भेटीनंतर कार्डाचे छायाचित्र काढून ते दोन ठिकाणी जपावे. शाळाप्रवेश, स्थलांतर, परदेशी शिक्षण किंवा जखमेनंतर धनुर्वाताच्या इंजेक्शनचा निर्णय अशा वेळी ‘सगळ्या लसी झाल्या आहेत’ एवढे तोंडी सांगणे पुरत नाही. नोंद नसेल तर अनेकदा तो डोस झालाच नाही असे मानून पुन्हा द्यावा लागतो.

वाढीचा आलेख वाचायला शिकणे

नियमित तपासणीतली सर्वांत साधी आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे वजन, उंची आणि डोक्याचा घेर मोजून ते आलेखावर मांडणे. पाच वर्षांखालील मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेले वाढीचे मानक आलेख अनेक देशांत वापरले जातात. ते ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतील मुलांच्या मोजमापांवर आधारलेले आहेत, आणि स्तनपान व चांगली देखभाल मिळालेली मुले पहिल्या वर्षांत कोणत्याही खंडात जवळपास सारखीच वाढतात, हे त्या अभ्यासातून दिसून आले.

आलेखावरच्या वक्ररेषांना पर्सेंटाइल म्हणतात. मूल पंधराव्या पर्सेंटाइलवर आहे याचा अर्थ त्याच वयाच्या व लिंगाच्या शंभर मुलांपैकी सुमारे पंधरा मुले त्याच्यापेक्षा लहान आणि बाकीची मोठी आहेत, एवढाच. परीक्षेच्या गुणांप्रमाणे त्याकडे पाहू नये. लहान चणीच्या आईवडिलांचे मूल पंधराव्या रेषेवर सातत्याने चालत असेल तर ते उत्तम वाढत आहे. उलट पंच्याऐंशीव्या रेषेवरचे मूल सहा महिन्यांत पन्नासाव्या रेषेच्याही खाली घसरले, तर दिसायला ते गुटगुटीत असले तरी कारण शोधायला हवे. म्हणजे एका बिंदूवरून फारसे काही कळत नाही, बिंदू जोडून होणाऱ्या रेषेवरून कळते, आणि ती रेष तयार होण्यासाठीच दर भेटीला मोजमाप हवे.

मोजमाप मात्र नीट झालेले असावे. तान्ह्या बाळाचे वजन शक्यतो कपड्यांशिवाय आणि दर वेळी त्याच काट्यावर घ्यावे. दोन वर्षांपर्यंत लांबी झोपवून मोजतात आणि त्यानंतर उंची उभे करून. झोपून घेतलेले माप उभ्या मापापेक्षा सुमारे ०.७ सेंटिमीटर जास्त येते, त्यामुळे पद्धत बदलताना ‘उंची खुंटली’ असा गैरसमज होऊ देऊ नये. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन ७ ते १० टक्क्यांपर्यंत उतरणे स्वाभाविक आहे. साधारण दोन आठवड्यांत ते पुन्हा जन्मवजनाला पोहोचले पाहिजे. पाच महिन्यांच्या सुमारास जन्मवजन दुप्पट आणि वर्षाच्या शेवटी तिप्पट होते.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाबाबत एक गोंधळ हमखास होतो. वाढ आणि विकास पाहताना दोन वर्षांपर्यंत त्याचे वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजतात, पण लसींसाठी मात्र प्रत्यक्ष जन्मतारीखच धरायची असते. ‘बाळ लहान आहे, लस नंतर देऊ’ हा विचार येथे उलटा ठरतो, कारण अशाच बाळांना संसर्गाचा धोका अधिक असतो. काही अपवाद, उदाहरणार्थ २ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या कावीळ ‘ब’ (हिपॅटायटिस बी) लसीचे डोस कसे मोजायचे हे, डॉक्टर ठरवतात.

जन्म ते पहिला महिना

या महिन्यातल्या तपासण्यांना मुदत असते. प्रसूतीनंतर घरी जाण्याच्या गडबडीत त्या राहून जाऊ शकतात, म्हणून निघण्यापूर्वीच त्यांची चौकशी करावी.

बाळाच्या टाचेतून रक्ताचे काही थेंब घेऊन केली जाणारी तपासणी साधारणपणे २४ ते ७२ तासांच्या दरम्यान होते. जन्मजात थायरॉइड संप्रेरकाची कमतरता हा तिच्यातून सापडणारा सर्वांत महत्त्वाचा दोष आहे. असे बाळ सुरुवातीला अगदी नेहमीसारखे दिसते, पण उपचार लांबले तर त्याच्या मेंदूचा विकास कायमचा खुंटतो. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत थायरॉइड संप्रेरकाची गोळी सुरू झाली तर बहुतेक मुले सर्वसामान्यपणे वाढतात. एवढ्या स्वस्त उपायाने एवढे मोठे नुकसान टळण्याची उदाहरणे वैद्यकात फार नाहीत.

ऐकण्याची तपासणी पहिल्या महिन्यात, तिच्यात शंका आली तर निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपाययोजना सहाव्या महिन्यापर्यंत, असा दंडक पाळला जातो. बाळ टाळीला दचकते एवढ्यावर समाधान मानू नये. जे बाळ मोठ्या आवाजाला दचकते त्यालाही बोलण्यातले बारीक ध्वनी ऐकू येत नसू शकतात. पायाला लावलेल्या ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्राने हृदयाच्या गंभीर जन्मदोषांचा संशय घेता येतो. डोळ्यांत प्रकाश टाकून येणारी लाल चमक पाहिली की मोतीबिंदूसारखे दोष कळतात. खुब्याचे सांधे जागेवर आहेत का आणि मुलग्यांमध्ये वृषण खाली उतरले आहेत का, हेही याच वेळी पाहतात. वृषण सहा महिन्यांनंतरही उतरले नसतील तर शल्यविशारदांना दाखवावे लागते. फार लवकर जन्मलेल्या बाळांच्या दृष्टिपटलाची तपासणी चार आठवड्यांच्या सुमारास करायची असते आणि ती चुकवणे म्हणजे दृष्टी धोक्यात घालणे होय.

लसींपैकी कावीळ ‘ब’चा पहिला डोस २४ तासांच्या आत देण्यामागे ठोस कारण आहे. मातेकडून प्रसूतीच्या वेळी संसर्ग झालेल्या दहांपैकी सुमारे नऊ बाळांमध्ये हा विषाणू कायमचा ठाण मांडतो आणि पुढे यकृताचा ऱ्हास व कर्करोग होऊ शकतो. मोठ्या माणसांत हे प्रमाण फार कमी असते. म्हणजे येथे तासांना महत्त्व आहे. क्षयरोगाचा प्रादुर्भाव असलेल्या देशांत बीसीजी जन्मतःच देतात. ती फुप्फुसाच्या क्षयापासून संपूर्ण संरक्षण देत नाही, पण बालकांना होणाऱ्या मेंदूच्या आवरणाच्या आणि शरीरभर पसरणाऱ्या क्षयापासून चांगले संरक्षण देते. काही आठवड्यांनी त्या जागी पुटकुळी येते, ती फुटते, चिघळल्यासारखी दिसते आणि व्रण ठेवून बरी होते. तिच्यावर मलम लावू नये, ती दाबू नये. व्रण उमटला नाही तरी लस पुन्हा द्यावी लागत नाही.

रुग्णालयातून घरी आल्यावर, बाळाच्या वयाच्या तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान एक भेट आवश्यक आहे, कारण कावीळ आणि वजनातली घट याच सुमारास टोकाला पोहोचतात. पहिल्या २४ तासांत दिसलेली कावीळ, तळहात-तळपायांपर्यंत पोहोचलेला पिवळेपणा, दूध ओढण्यास नकार किंवा बाळाचे मलूल पडणे यांपैकी काहीही दिसले तर भेटीच्या तारखेची वाट पाहू नये. तीन महिन्यांखालील बाळाला ३८ अंश सेल्सियस किंवा अधिक ताप असेल तर तोही तातडीचाच समजावा.

सहा आठवडे ते सहा महिने

या टप्प्यात सर्वाधिक लसी येतात आणि पालकांच्या मनात सर्वाधिक शंकाही. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ‘ब’, हिब (मेंदूज्वर व न्यूमोनिया घडवणारा एक जिवाणू), पोलिओ, न्यूमोकोकल (न्यूमोनियाचा आणखी एक जिवाणू) आणि रोटाव्हायरस (जुलाबाचा विषाणू) यांचे डोस काही देशांत ६, १० व १४ आठवड्यांना, तर काही देशांत २, ४ व ६ महिन्यांना दिले जातात. यातल्या अनेक लसी एकाच सुईतून दिल्या जातात.

सुरुवात सहा आठवड्यांच्या आसपासच का? त्याआधी बाळाची प्रतिकारयंत्रणा यांतल्या बऱ्याच लसींना पुरेसा प्रतिसाद देत नाही आणि आईकडून आलेली प्रतिपिंडेही (रोगजंतूंशी लढणारी प्रथिने) आड येतात; आणखी थांबावे तर डांग्या खोकला सर्वांत घातक ठरतो तो याच कोवळ्या महिन्यांत. या दोन्हींच्या मधली वाट म्हणजे सहा ते आठ आठवडे. सुरुवातीचे आठवडे उघडे राहू नयेत म्हणून अनेक देशांत गर्भवती मातेलाच डांग्या खोकल्याची लस देतात.

दोन डोसांमध्ये किमान चार आठवड्यांचे अंतर लागते. त्याहून लवकर दिलेला डोस ग्राह्य धरला जात नाही. उशीर झालेला डोस मात्र वाया जात नाही. रोटाव्हायरसची लस या बाबतीत वेगळी आहे. तोंडाने दिल्या जाणाऱ्या या लसीचा पहिला डोस अनेक देशांत पंधरा आठवड्यांच्या आत सुरू करावा लागतो, कारण आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरून अडथळा होण्याचा अत्यंत विरळ धोका वयाबरोबर वाढतो. म्हणून या टप्प्यात काही कारणाने भेट लांबली तर डॉक्टरांना सर्वप्रथम रोटाविषयी विचारावे.

‘एकाच दिवशी इतक्या लसी बाळाला झेपतील का’ हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरात विचारला जातो. बाळ रोज हात तोंडात घालते, जमिनीवर लोळते आणि त्यातून असंख्य सूक्ष्मजीवांना सामोरे जाते. त्या मानाने सगळ्या लसींतले प्रतिजन (प्रतिकारयंत्रणा ओळखते ते रोगजंतूंचे अंश) अगदी थोडे असतात. लसी एकेक करून दिल्याने संरक्षण लांबते, भेटी वाढतात आणि बाळाला सुईचे दुखणे पुन्हापुन्हा सोसावे लागते. लांबवण्याचा फायदा मात्र कोणत्याही अभ्यासात दिसलेला नाही.

तपासणीच्या अंगाने पाहता, सहा ते आठ आठवड्यांना बाळ चेहरा पाहून हसते का, चार महिन्यांपर्यंत मान धरते का आणि दोन्ही हातपाय सारखेच हलवते का, हे पाहिले जाते. स्तनपानावर असलेल्या बाळाला ‘ड’ जीवनसत्त्वाचे थेंब किती द्यायचे तेही याच भेटीत विचारून घ्यावे. सामान्यतः रोज ४०० आंतरराष्ट्रीय एकक ही मात्रा सांगितली जाते.

लसीच्या दिवशी काय करावे

घरून निघताना कार्ड घ्यावे आणि मांडी किंवा दंड सहज उघडता येतील असे सैल कपडे मुलाला घालावेत. तान्ह्या बाळाला मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूस आणि मोठ्या मुलाला दंडावर इंजेक्शन देतात. कुल्ल्यावर लस देणे आता टाळले जाते, कारण तिथे चरबी जाड असते आणि नसेला इजा होण्याची शक्यता असते.

सर्दी, हलका खोकला, किंचित ताप, दात येणे किंवा चालू असलेले प्रतिजैविक औषध ही लस टाळण्याची कारणे नाहीत. टाळण्याची खरी कारणे मोजकीच आहेत: त्याच लसीच्या आधीच्या डोसनंतर किंवा तिच्यातील घटकामुळे झालेली तीव्र ॲलर्जी, प्रतिकारशक्ती खूप क्षीण असताना जिवंत विषाणूंच्या लसी, आणि रोटाच्या बाबतीत पूर्वी झालेला आतड्याचा तसला अडथळा. मूल खरोखर गंभीर आजारी असेल तर काही दिवस थांबतात. स्टेरॉइड किंवा कर्करोगाचे उपचार चालू असतील, अलीकडे रक्त किंवा प्रतिपिंडे दिली असतील, अथवा पूर्वी लसीनंतर आकडी आली असेल, तर इंजेक्शनपूर्वीच तसे सांगावे.

सुई टोचताना बाळाला अंगावर पाजत ठेवले तर दुखणे स्पष्टपणे कमी होते. मोठ्या मुलाला आडवे दाबून धरण्यापेक्षा मांडीवर ताठ बसवून घट्ट जवळ घ्यावे आणि त्याचे लक्ष दुसरीकडे वळवावे. ‘काही दुखणार नाही’ असे खोटे सांगू नये. ‘क्षणभर टोचेल, मग संपेल’ असे सांगितलेले मूल पुढच्या वेळी आपल्यावर विश्वास ठेवते. ‘मस्ती केलीस तर डॉक्टर सुई टोचतील’ ही धमकी तर कायमची बंद व्हायला हवी.

लस दिल्यावर १५ ते ३० मिनिटे तिथेच थांबावे. तीव्र ॲलर्जी साधारण दहा लाख डोसांमागे एखाद्यालाच होते, पण झाली तर बहुधा याच वेळात होते आणि तिच्यावरचा उपाय तिथेच उपलब्ध असतो. घरी आल्यावर एक-दोन दिवस ताप, चिडचिड, टोचलेल्या जागी सूज किंवा लाली येऊ शकते. बारीक न दुखणारी गाठ काही आठवडे राहिली तरी घाबरू नये. ताप आल्यास डॉक्टरांनी वजनानुसार सांगितलेले पॅरासिटामॉल द्यावे, पण ताप येण्याआधीच सरसकट देऊ नये. ॲस्पिरिन मुलांना देऊ नये. सूज असलेल्या जागी थंड ओले फडके ठेवावे, चोळू नये. तीन तासांहून अधिक अखंड रडणे, बाळ ढिले पडणे, श्वासाचा त्रास, चेहऱ्यावर सूज किंवा आकडी आली तर लगेच डॉक्टरांकडे जावे. आकडी आल्यास मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये आणि वेळ पाहावी. पाच मिनिटांत थांबली नाही तर तातडीची मदत घ्यावी.

नऊ महिने ते दोन वर्षे

गोवराची लस नऊ महिन्यांना की बारा महिन्यांना, हा वाद नसून तडजोड आहे. आईची प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात असेपर्यंत लसीतला जिवंत विषाणू रुजत नाही, म्हणून वय जितके अधिक तितकी लस अधिक परिणामकारक. नऊ महिन्यांना दिलेली लस सुमारे ८५ टक्के मुलांना आणि वर्षानंतर दिलेली सुमारे ९५ टक्के मुलांना संरक्षण देते. पण जिथे गोवर फिरत असतो तिथे वर्षभर थांबणे परवडत नाही. दुसरा डोस त्यामुळेच अनिवार्य आहे: पहिल्या वेळी ज्यांच्यात लस रुजली नाही, त्यांना ती दुसऱ्यांदा मिळते. गोवर इतका सांसर्गिक आहे की त्याची साथ रोखण्यासाठी समाजातील सुमारे ९५ टक्के लोकांत प्रतिकारशक्ती असावी लागते.

या लसीनंतर येणारा ताप इतर लसींसारखा दुसऱ्या दिवशी येत नाही, तर सात ते बारा दिवसांनी येतो, कधी अंगावर हलके पुरळही उठते. एव्हाना पालक लसीची गोष्ट विसरलेले असतात, म्हणून ती तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या एकत्रित लसीमुळे स्वमग्नता (ऑटिझम) होते हा समज १९९८ मधल्या एका शोधनिबंधामुळे पसरला. तो निबंध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला, आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या अभ्यासातही असा कोणताही संबंध आढळला नाही. स्वमग्नतेची लक्षणे आणि ही लस एकाच वयात येतात, एवढेच खरे.

दुसऱ्या वर्षात घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वाताचा बूस्टर (आधीचे संरक्षण बळकट करणारा डोस), न्यूमोकोकलचा उरलेला डोस आणि देशानुसार कांजिण्या, कावीळ ‘अ’, टायफॉइड, जपानी मेंदूज्वर किंवा मेनिंजोकोकल (मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा जिवाणू) या लसी येतात. इंजेक्शनने द्यायच्या दोन जिवंत लसी एकतर एकाच दिवशी द्याव्या लागतात, नाहीतर त्यांच्यात चार आठवडे अंतर ठेवावे लागते. इन्फ्लुएन्झाची लस सहा महिन्यांनंतर दरवर्षी घेता येते. लहान मूल ती प्रथमच घेत असेल तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात.

विकासाच्या दृष्टीने हा काळ सर्वांत बोलका असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात निरोगी मुले ८.२ ते १७.६ महिन्यांच्या दरम्यान केव्हाही एकटी चालू लागलेली आढळली, म्हणून शेजारचे मूल दहाव्या महिन्यात चालले यावरून काळजी करू नये. मात्र दीड वर्ष उलटूनही चालत नसेल, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोलत नसेल, नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नसेल, तर ‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘याचे वडीलही असेच होते’ अशा दिलाशांवर विसंबू नये. आलेले कौशल्य गमावणे, म्हणजे बोलणारे मूल गप्प होणे किंवा चालणारे अडखळणे, हे कोणत्याही वयात तातडीने दाखवण्याचे लक्षण आहे. भेटीआधी अशा गोष्टींचा मोबाइलवर छोटा व्हिडिओ काढून न्यावा. डॉक्टरांसमोर मूल नेमके ते करत नाही. १८ आणि २४ महिन्यांच्या भेटींत स्वमग्नतेसाठीची प्रश्नावली भरून घेण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. ती नसली तर स्वतः मागावी.

वर्षाच्या सुमारास रक्तातील हिमोग्लोबिन तपासून घेणे आणि पहिल्या वाढदिवसापर्यंत दंतवैद्यांची पहिली भेट होणे चांगले. दुधाचे दात पडणारच आहेत म्हणून त्यांची किड दुर्लक्षित करणे चुकीचे आहे.

दोन ते दहा वर्षे

लसींची गर्दी संपली की बहुतेक कुटुंबांच्या भेटीही संपतात, आणि माझ्या पाहण्यात खरी गळती येथेच होते. वर्षातून एकदा, वाढदिवसाच्या महिन्यात, ही तपासणी ठरवून टाकावी. तिच्यात उंची, वजन व बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजन किती याचे माप), तीन वर्षांपासून रक्तदाब, दात, ऐकणे आणि दृष्टी पाहिली जाते. रक्तदाबासाठी पट्टा मुलाच्या दंडाच्या मापाचाच असावा, कारण लहान पट्ट्याने आकडा उगाच वाढीव येतो. साधारण चार वर्षांपासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला ५ ते ६ सेंटिमीटर वाढते. वेग सातत्याने त्याहून कमी दिसला तर तपास करावा.

या वयातली सर्वांत महत्त्वाची तपासणी डोळ्यांची आहे. एका डोळ्याने नीट दिसत नसलेले मूल कधीही तक्रार करत नाही, कारण दुसऱ्या डोळ्याने त्याचे सगळे भागते. मेंदू मात्र अधू डोळ्याकडून येणारे चित्र हळूहळू नाकारू लागतो. तीन ते पाच वर्षांदरम्यान प्रत्येक डोळा स्वतंत्रपणे तपासला तर चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी या साध्या उपायांनी दृष्टी परत आणता येते. सात वर्षांनंतर हे उपचार कमी परिणामकारक ठरतात.

चार ते सात वर्षांच्या दरम्यान घटसर्प-धनुर्वात-डांग्या खोकल्याचा आणखी एक बूस्टर असतो आणि काही देशांत गोवर-गालगुंड-रुबेलाचा दुसरा डोसही याच वयात दिला जातो. शाळा सुरू होण्याआधी कार्ड एकदा डॉक्टरांसमोर संपूर्ण वाचून घ्यावे.

डोस राहून गेले असतील तर

अर्धवट राहिलेली मालिका पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही; जिथे थांबली तिथून पुढे न्यायची असते. हे माहीत नसल्यामुळे अनेक पालक संकोचाने जातच नाहीत. जायचे ते कार्ड घेऊन, आणि राहिलेल्या सगळ्या लसींचे वेळापत्रक एकाच भेटीत लिहून मागायचे. एका दिवशी शक्य तितक्या लसी घेतल्या जातात आणि पुढच्या डोसांसाठी किमान अंतर पाळले जाते. काही लसींचे, उदाहरणार्थ हिब आणि न्यूमोकोकलचे, वय वाढले की कमी डोस पुरतात. काहींची, रोटासारख्यांची, मुदत निघून गेलेली असते. कार्ड हरवले असेल तर जिथे लसी घेतल्या तिथल्या नोंदी शोधाव्यात. त्या मिळाल्या नाहीत तर शंकास्पद डोस पुन्हा घेण्यात सहसा नुकसान नसते.

दहा वर्षे ते किशोरवयाचा शेवट

मुलींमध्ये ८ ते १३ आणि मुलग्यांमध्ये ९ ते १४ या वयांत वयात येण्याची चिन्हे सुरू होतात. त्याआधी सुरू झाली किंवा तोवर काहीच दिसले नाही, किंवा १५ वर्षांपर्यंत पाळी आली नाही, तर तपासणी हवी. झपाट्याने उंची वाढण्याच्या या काळात पाठीच्या कण्याचा बाक उघड होतो. मुलाला पुढे वाकवून पाठीमागून पाहिल्यास एक बाजू उंच दिसते. पाळी सुरू झालेल्या मुलींमध्ये रक्तक्षय आहे का, तेही पाहावे.

एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण ठरणारा विषाणू) लस ९ ते १४ वर्षांदरम्यान देण्याची दोन कारणे आहेत. विषाणूशी संपर्क येण्यापूर्वी ती दिली तरच पूर्ण उपयोग होतो, आणि या वयात शरीराचा प्रतिसाद नंतरच्या वयापेक्षा अधिक जोरदार असतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगांपैकी सुमारे ७० टक्के या विषाणूच्या १६ आणि १८ या दोन प्रकारांमुळे होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये ९ ते २० या वयोगटातील मुलींसाठी एक किंवा दोन डोस पुरेसे मानले. देशांचे नियम मात्र यात वेगवेगळे आहेत, आणि प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्यांना जास्त डोस लागतात. हाच विषाणू पुरुषांमध्ये घसा व गुदद्वाराच्या कर्करोगास कारण ठरतो, म्हणून अनेक देश मुलग्यांनाही ही लस देतात. तिचा विषय निघाला की घरात उगाच अवघडलेपण येते. ही कर्करोगाची लस आहे एवढे मुलांना सांगितले तरी पुरते.

९ ते १५ वर्षांदरम्यान धनुर्वात-घटसर्पाचा बूस्टर आणि काही देशांत मेनिंजोकोकल लस असते. किशोरवयीन मुलांना इंजेक्शननंतर भोवळ येण्याचे प्रमाण जास्त असते. त्यांना बसवून किंवा झोपवून लस द्यावी आणि पंधरा मिनिटे उठू देऊ नये.

या वयातल्या भेटीचा काही भाग मुलाने डॉक्टरांशी एकट्याने बोलण्यासाठी राखून ठेवावा आणि पालकांनी कोणी सांगण्याची वाट न पाहता बाहेर जावे. झोप, मनाची उदासी, अभ्यासाचा ताण, मोबाइल, तंबाखू व मद्य, शरीराविषयीच्या शंका आणि स्वतःला इजा करण्याचे विचार, यांविषयी मूल आईवडिलांसमोर क्वचितच मोकळेपणाने बोलते. जिवाला धोका असल्याखेरीज ते बोलणे बाहेर जाणार नाही, हे डॉक्टरांनी सुरुवातीलाच दोघांनाही स्पष्ट करावे. बारा वर्षांपासून नैराश्यासाठीची छोटी प्रश्नावली दरवर्षी भरून घेणे अनेक ठिकाणी नियमित तपासणीचा भाग आहे.

सोळा-सतराव्या वर्षी एक भेट केवळ कार्डासाठी ठेवावी. गोवर-रुबेलाचे दोन डोस, कावीळ ‘ब’ची पूर्ण मालिका, कांजिण्यांचा आजार किंवा लस, एचपीव्ही आणि धनुर्वाताचा शेवटचा बूस्टर, यांपैकी ज्याची नोंद नाही ते त्याच वर्षी पूर्ण करावे. मुलींच्या बाबतीत रुबेलाकडे विशेष लक्ष द्यावे, कारण ही जिवंत लस गर्भारपणात देता येत नाही आणि गर्भारपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत झालेला रुबेला गर्भाचे डोळे, कान आणि हृदय बिघडवतो.